आवतण

कॅलेंडरात अमावस्या उद्या.
तिकडची की इथली,
हा हिशेब माझा दर वर्षी चुकतो.
सोमवारी ड्यूटी, म्हणून पोळ्या आजच लाटल्या,
डबा घेतला, तुपाची वाटी घेतली,
आणि शर्विलला घेऊन हार्लो मिल्सच्या जत्रेला आले.
न्यू हॅम्पशायरचा ऑगस्ट संपलेला,
भोपळ्यांची वजनं, कोंबड्यांना बक्षिसं,
तळलेल्या पिठाचा वास,
आणि कोठारामागे
बैल.

खरे. खांद्यावर जू असलेले.
बारा वर्षं या देशात मला बैल म्हणजे
दिग्रसहून आईने टॉवेलात गुंडाळून पाठवलेला,
चार चाकांचा, एक चाक अडकणारा.

पंधरा वर्षांची ऑड्री पेल्तिए
जोडीच्या पुढे उभी, केसांत गवत.
क्लाइड आणि चेस्टर. तांबडे.
शिंगांच्या टोकांना पितळ.
"शेंब्या!" मी ओरडलेच.
पंचवीस वर्षं न वापरलेला शब्द
कुठे बसून होता कोण जाणे.

तिने काठी हलवली, म्हणाली, "जी,"
आणि दोघे उजवीकडे वळले.
आमच्या वऱ्हाडात जी म्हटलं की माणूस वळतो.
हो जी. बसा जी. कसं जी.
एकटीच हसत राहिले.

आता खरं सांगते.
आमच्याकडे बैल कधी नव्हतेच.
बाबा पोस्टात, भाड्याच्या दोन खोल्या,
पोळ्याला पाटावर मातीची जोडी,
तिलाच कुंकू, तिलाच नैवेद्य.
शेजारी गुल्हाने काकांच्या गोठ्यात
खांदशेकणीला भाऊ जायचा. मी दारात.
दारातून दिसायचं पळसाचं पान,
हळद-तुपाची धार, वाफ,
आणि बैलाच्या कानाशी वाकलेले काका:
आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

सण जपता हं तुम्ही तिकडे, असं लोक म्हणतात.
मी काय जपत होते?
जे होतं ते,
की उंबऱ्याच्या पलीकडचं?

तूप होतं. हळद नव्हती.
हॉटडॉगच्या गाडीवरच्या मस्टर्डकडे
क्षणभर पाहिलं, खोटं कशाला सांगू.

ऑड्रीला विचारलं, खांद्याला लावू का?
कशासाठी?
उत्तर पाठ होतं,
शाळेत दिवाळीला देते तसं, पाच वाक्यांत, स्लाइडसह.
ते राहिलं. म्हटलं, उद्या त्यांना सुट्टी असते.
उद्या फायनल आहे, ती म्हणाली.
मग काठी टेकवून ठेवत:
जू इथे घासतं. इथे लाव.

पळस नाही तर मेपलचं पान.
तूप थिजलेलं, तळहाताने वितळवलं.
चेस्टरच्या खांद्याला घट्टा,
आणि घट्ट्याखाली ऊब, ही एवढी.
दारातून हे दिसलं नव्हतं.
त्याने कातडी थरथरवली, माशी उडवावी तशी.
ऑड्री पलीकडून क्लाइडला लागली,
न विचारता.

आता काय म्हणायचं, शर्विलने विचारलं.
मी सांगितलं. तो बैलाच्या कानाशी वाकला.
ण त्याला येत नाही:
आज आवतन घ्या.
दुरुस्त करायला तोंड उघडलं
आणि तसंच राहिलं.
काकाही आवतनच म्हणायचे.
इतकी वर्षं मीच आठवणीतलं
त्यांचं शुद्धलेखन तपासत आले.

दुसऱ्या दिवशी जोडी तिसरी आली.
ऑड्रीचा मेसेज: पोळ्या दोघांनी खाल्ल्या,
चेस्टरने कागदासकट.

रात्री ड्यूटीवरून आले तर
फळीवरच्या लाकडी बैलाच्या खांद्यावर
तुपकट बोटाचा ठसा.
चाक अजून अडकतंच.